एक फूल, एक माशी

"एक फूल," आबा म्हणाले. "एकच. आन् त्येच्यावर एक माशी."

"घरमाशी चालंल का?" मी विचारलं.

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि सावकाश चावून खाल्ला. आमच्या घरात विनोदाला दाद अशीच मिळायची.

"मधाची," ते म्हणाले. "मधवाल्या धोंडू नानाच्या डोळ्यांदेखत बसाय पायजे. अक्षय तृतीयेपर्यंत. बसली तर खालचं चार गुंठं तुझं. न्हाई बसली तर तिथं स्ट्रॉबेरी, आन् तू पुण्याला दाजींच्या दुकानात."

ही आठ वर्षांपूर्वीची दिवाळी. पाचगणीच्या खालच्या अंगाला आमचं गाव आहे. तिथे माणूस जन्मला की आधी त्याच्या नावाने स्ट्रॉबेरीचा एक बेड मोजतात, मग बारसं करतात. मी मात्र वनस्पतीशास्त्रात बी.एस्सी. होऊन परत आलो होतो आणि पार जम्मूकडच्या डोंगरातून लव्हेंडरची अडीचशे रोपं मागवून बसलो होतो. आबा त्याला 'तुझं त्ये लवंडनारं झाड' म्हणायचे. आणि दाजींचं, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं, पुण्यात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. दाजी भेटले की पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "अवधूत, माणूस फोन एकदा घेतो, कव्हर चारदा. ह्यात आयुष्य आहे." मला त्या आयुष्याची फार भीती वाटायची.

"माशीच का पण आबा? नुसतं फूल आलं तर?"

"नुसतं फूल प्लास्टिकचं बी येतं. माशी बसली म्हंजे त्यात काय तरी हाय. आपल्या स्ट्रॉबेरीवर माशी फिरली न्हाई तर फळ वाकडं हुतं का न्हाई? माशीला कळतं."

इथे मला चेव आला. "येईल की माशी. मधमाशीला तांबडा रंग दिसतच नाही आबा, पण निळा-जांभळा लांबून दिसतो. लव्हेंडरचं शेत म्हणजे तिच्यासाठी एसटी स्टँडची पाटी आहे."

"तांबडं दिसत न्हाई? मग स्ट्रॉबेरीवर काय चाचपडत येती व्हय?"

"स्ट्रॉबेरीचं फूल पांढरं असतं. फळ तांबडं होतं तेव्हा तिचं काम संपलेलं असतं."

आबा जेवायचे थांबले. "म्हंजे कष्ट तिचं, आन् पिकल्यालं बघायचं बी तिच्या नशिबात न्हाई."

"कळलं का आता," चुलीपाशून आई म्हणाली, "मी इतकी वर्सं काय म्हनत हुते ते?"

शर्त ठरली. आबा शब्दाला पक्के होते आणि त्यांच्याकडे तत्त्वज्ञानही होतं, एकच, पण ते सगळीकडे लावायचे. स्ट्रॉबेरीच्या नव्या रोपाला लावणीनंतर जी पहिली फुलं येतात, ती आमच्याकडे खुडून टाकतात. तेवढी ताकद मुळाला जाते, रोप बसतं, मग पुढे फळ धरतं. आबांचं आयुष्य ह्याच नियमावर चाललं होतं. मला पहिली नोकरी चालून आली तेव्हा त्यांनी नको म्हणायला लावलं: पहिलं फूल ठेवायचं नसतं. ताईचं पहिलं स्थळही असंच खुडलं. दुसरं स्थळ दाजींचं निघालं. हा नियम सगळीकडे लागू पडतोच असं नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

आता लव्हेंडरची अडचण अशी, की ते नुसतं पाणी-खत घातलं म्हणून फुलत नाही. त्याला आधी चांगली थंडी खावी लागते. हिवाळा खरोखरच झाला, अशी झाडाच्या आत कुठेतरी खात्री पटावी लागते. मग दिवस मोठा व्हायला लागला, की ते पानांना कळतं आणि झाड कळी धरायचं मनावर घेतं. आमच्याकडे थंडी पडते, पण ती पर्यटकांना स्वेटर विकण्यापुरती. माझ्या झाडाला तिच्यात हिवाळा वाटेल याची मला खात्री नव्हती.

म्हणून डिसेंबरात मी सगळी रोपं पिशव्यांसकट स्ट्रॉबेरीच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये नेली.

तिथला माणूस चष्मा वर करून बघत राहिला. "ह्ये खायचं असतं?"

"नाही."

"मग आजारी हैत?"

"नाही हो. ह्यांना हिवाळा झाल्यासारखं वाटलं पाहिजे."

"आन् न्हाई वाटलं तर?"

"मग फुलत नाहीत."

त्याने खूप विचार करून क्रेटवर खडूने लिहिलं: 'रुसलेली झाडं. हलवू नये.' पुढे मी भर दुपारी, डोक्याला कानटोपी घालून, हातमोजे चढवून त्यांना भेटायला जायचो. घरी कुणी माझी चौकशी केली तर आई सांगायची, "झाडांस्नी डबा द्यायला गेलाय."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला रोपं जमिनीत गेली. लव्हेंडरला पाय ओले ठेवलेले चालत नाहीत, म्हणून मी मुरूम घालून उंचवटे केले. खालच्या बाजूला दगड रचून केलेली ताल, तालीपलीकडे ओढा. आबा बांधावर उभे राहून बघत होते.

"मल्चिंग पेपर?"

"नको. त्याने ओल धरते."

"शेणखत?"

"नको. त्याला हलकी जमीन आवडते."

"पानी तरी देनार हैस का तेबी नको?"

"थोडंसं."

मी एखाद्या लेकराला उपाशीपोटी, अनवाणी शाळेत धाडत असल्यासारखं आबांनी त्या झाडांकडे पाहिलं. नंतर कितीतरी वेळ बांधावरच उभे होते.

मग दिवस लांबवायचा होता. तो फेब्रुवारीत आपोआप लांबत नाही, निदान शर्त जिंकण्याइतका तरी नाही. शेवंतीवाले करतात तसे मी बांबू रोवून चार गुंठ्यांवर बल्बांच्या माळा सोडल्या आणि रोज सूर्य मावळल्यावर बटण दाबायला लागलो. झाडांना दिवस वाटला की नाही ते कळलं नाही, पण तिसऱ्या संध्याकाळी गाडीतून सोलापूरचं एक कुटुंब उतरलं. माळा बघून त्यांना हे बागेतलं हॉटेल वाटलं. आई पाण्याचा तांब्या घेऊन गेली, तर त्यातल्या काकांनी विचारलं, "काय काय मिळेल?"

आई गोंधळून म्हणाली, "वांगं हाय. भरल्यालं."

"चालेल. सहा जण आहोत. आणि मॅनेजरना पाठवा."

आबा खाटेवरून उठले, सदरा झटकला, टोपी सारखी केली आणि त्यांच्यासमोर जाऊन म्हणाले, "बोला." ते कुटुंब अजूनही दरवर्षी येतं. हे हॉटेल नाही, हे त्यांना आम्ही कधीच सांगितलेलं नाही, कारण सांगायची योग्य वेळ पहिल्याच वांग्याला निघून गेली.

मार्च आला. झाडं छान झाली, गोल, राखाडी-हिरवी, हात फिरवला की घमघमणारी. कळी मात्र एक नाही. मी रोज आठला उठून, चहा घेऊन, साडेआठला बागेत जायचो आणि एकेक झाड निरखायचो. (वनस्पतीशास्त्रात पहाटे उठण्याबद्दल काही लिहिलेलं नाही.) फांद्यांच्या टोकांना नुसती पानं. काही टोकं तर आखूड, बोथट. मी समजलो, आमची हवा मानवली नाही.

धोंडू नाना कळंबे दोन दिवसांआड यायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी मधमाश्यांशिवाय कुणाचं ऐकलेलं नव्हतं. शर्तीचे पंच म्हणून त्यांनी आपल्या सातेरी माश्यांच्या दोन पेट्या मुद्दाम आमच्या बांधावर आणून ठेवल्या होत्या.

"काय रं अवधू, हाय का काय?"

"नाही नाना."

"आमच्या पोरी रोज हितनंच जात्यात. बघत बी न्हाईत."

खरंच बघत नव्हत्या. जांभळी मोहरल्या होत्या. नानांच्या माश्या माझ्या लव्हेंडरवरून, एसटी विनंती थांब्यावरून जाते तशा, सरळ जांभळीकडे जायच्या.

"आन् खरं सांगू का," नाना पेटीवर हात ठेवून म्हणाले, "फूल आलं तरी हिचं काम अवघड हाय. तुझ्या त्या फुलाची नळी लांब म्हनतोस. सातेरीची जीभ आखूड. तळाचा मध हिला पुरनार न्हाई. गिलासात लाडू पडल्यागत हुईल."

"मग कुणाला पुरेल?"

"लांब जिभंची एक असती. निळ्या पट्ट्याची. पन ती पेटीत ऱ्हात न्हाई. ती कुनाचीच नसती. आली तर आली."

म्हणजे एकीकडे फूल येत नव्हतं आणि दुसरीकडे ते आलंच तर बसणारी माशी कुणाच्या बापाचं ऐकत नव्हती. मी दाजींना फोन करून दुकान किती वाजता उघडतं ते विचारलं. दाजींना गहिवरून आलं.

त्याच आठवड्यात आईने मला स्वयंपाकघरात ओढून दार लोटलं.

"तुझ्या आबास्नी काय तरी झालंय."

"काय झालंय?"

"वास येतोय त्यांच्या अंगाला."

"कसला?"

आईने इकडेतिकडे पाहिलं. "चांगला."

प्रकार गंभीर होता. आबांच्या अंगाला पस्तीस वर्षं फवारणीचा आणि तंबाखूचा वास येत होता, त्या भरवशावर आईचा संसार चालला होता.

"मला कसा आला नाही?"

"तू सोता दिसभर त्या झाडांत लोळतोस, तुझं नाक गेलंय. माझं हाय अजून जागेवर. सकाळी तोंड धुवायच्या आधीपास्नं घमघमत्यात. सदरा धुवाय घेतला की हाताला वास. ह्या वयात अत्तर! कुनासाठी म्हनते मी?"

"आई, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस—"

"तेच म्हनते मी. आन् भल्या सकाळी कुठं जात्यात ते इचारलं तर म्हनत्यात, 'जरा फिरून येतो.' ह्यो मानूस कधी इनाकारन फिरलाय?"

मी आबांवर लक्ष ठेवायचं कबूल केलं. पण त्यासाठी भल्या सकाळी उठावं लागलं असतं, त्यामुळे तपास पुढे सरकला नाही.

अक्षय तृतीयेच्या दिवशी सकाळी माझी बॅग ओट्यावर भरून ठेवलेली होती. आई आमरसाचे आंबे पिळत होती आणि मधूनच बॅगेकडे बघून जरा जास्तच जोरात पिळत होती. नाना धुतलेलं धोतर, कडक टोपी अशा पंचाच्या पोशाखात आले. आम्ही दोघे बागेत गेलो. त्यांनी माझ्यासोबत एकेक ओळ बघितली, वाकून, चष्मा पुसून, अगदी कायदेशीर. शेवटच्या झाडापाशी ते सरळ झाले.

"न्हाई बाबा."

"नाही," मी म्हणालो.

"झाड मातूर देखनं केलंस हां."

झाडाच्या देखणेपणाबद्दल शर्तीत काही नव्हतं. मी तालीवर बसलो. अडीचशे झाडं वाऱ्यावर डोलत होती, आणि मी कव्हरं कशी विकायची याचा सराव करत होतो. 'हे घ्या साहेब, पडलं तरी फुटत नाही.' तेवढ्यात गोठ्याच्या बाजूने आबा आले आणि मुकाट्याने माझ्याशेजारी बसले. आईही पदराला हात पुसत मागून आली.

आधी आवाज आला. माशीच्या मानाने जरा तीक्ष्ण, उंच पट्टीतला. मग ती दिसली. गोल, केसाळ, पोटावर निळे चमकते पट्टे. झाडांवरून ती गेली, थांबली नाही. आमच्यासमोर येऊन हवेत टांगल्यासारखी उभी राहिली. उजवीकडे सरकली, डावीकडे सरकली, आणि सरळ आबांच्या छातीवर, सदऱ्याच्या खिशावर जाऊन बसली.

"हलू नगा," नाना कुजबुजले.

"कोन हलतंय," आबा ओठ न हलवता म्हणाले.

खिशाच्या काठाबाहेर बोटभर जांभळं काहीतरी डोकावत होतं. माशीने त्याच्यात डोकं घातलं.

"आबा," मी म्हणालो, "खिशात काय आहे?"

"काय न्हाई."

"आबा, ते लव्हेंडर आहे."

"श्वास हळू घ्या," नाना म्हणाले.

आबांनी श्वास हळू घेतला. माशी एका नळीतून जीभ काढून दुसऱ्या नळीत घालत होती. चार-पाच फुलं उमललेली होती, बाकीच्या कळ्या. प्रत्येक फुलावर ती क्षणभरच थांबायची, पण कामात कसूर नाही.

"ही एक नजरंतनं सुटली हुती," आबा हलक्या आवाजात म्हणाले. "कडंच्या झाडाची. फांदी तालीच्या दगडांतनं पल्याड गेल्ती, वढ्याच्या अंगाला. आज घावली."

"एक सुटली होती म्हणजे? बाकीच्या कुठायत?"

"बाकीच्या रोज घेतो की मी."

माशी चौथ्या फुलात होती.

"रोज?"

"उजाडताना. बारीक असतानाच. नखानं घेतली की झाडाला कळत बी न्हाई." आबा सरळ समोर बघत होते, फोटो काढताना बसतात तसे. "पहिल्या सालचं झाड. त्येचं पहिलं फूल ठिवतंय व्हय कोन? आधीच तू त्यास्नी ना खत घातलंस ना पेपर. म्हटलं, पोरगं तर येळंवर उठत न्हाई, आपुन तरी बघावं. मुळाला ताकद गेली तर जगतील बिचारी."

"आबा!" माझा आवाज चढला. माशीचे पंख थरथरले. मी आवाज उतरवला. "आबा, एक फूल राहिलं असतं तर मी शर्त जिंकलो असतो!"

आबांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते पुन्हा कधी पाहिलं नाही. हे त्यांना खरोखरच सुचलं नव्हतं. शर्त एका कप्प्यात होती, झाडं दुसऱ्या.

"शर्त शर्तीच्या जागी," शेवटी ते म्हणाले. "झाड तुझं हुतं न्हवं."

पलीकडे जांभळीवर नानांच्या सातेरी गुणगुणत होत्या.

"आणि मी हरलो असतो तर?"

"तर आनखी एक साल दिलं असतं. म्हननार हुतो जेवताना. त्या बॅगेत भरल्यालं काल रातीच काढून ठिवाय सांगनार हुतो, पन तुझी आई बोलत न्हाई माझ्याशी आठ दिस झालं. का, ते बी कळंना."

आई खिशाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती, आणि खोटं कशाला सांगू, थोडी निराशाही. "म्हंजे वास ह्यो हुता व्हय!"

"कसला वास?"

"काय न्हाई. हलू नगा."

माशी शेवटच्या उमललेल्या फुलातून निघाली, खिशाच्या शिवणीवर बसली आणि पुढचे पाय चोळायला लागली. नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग पंचाच्या आवाजात विचारलं, "शर्त काय ठरल्ती, आनंदराव? जशीच्या तशी सांगा."

"एक फूल," आबा पुटपुटले. "त्येच्यावर एक माशी."

"ह्ये फूल हाय?"

"हाय."

"ही माशी हाय?"

"पन नाना, फूल झाडावर पायजे! खिशात नव्हं!"

"झाडाचं नाव काढल्तं का तुमी दिवाळीत? अवधू, काढल्तं?"

"नाही नाना."

"आन् ही माशी माझ्या पेटीतली न्हाई, का ह्येनं आनलेली न्हाई. हिला कुनी शिकवलं न्हाई, कुनी पढवलं न्हाई. सोताच्या अकलेनं आली, तुमच्या खिशात शिरली आन् पाच फुलं पिऊन बसली. हिच्यावानी पंच तर मी बी न्हाई." नानांनी दोन्ही हात जोडले, आबांना की माशीला ते कळलं नाही. "चार गुंठं पोराचं."

निकाल लागल्यावर माशी उडाली. दोनदा आबांच्या टोपीभोवती फिरली आणि ओढ्याकडे निघून गेली. आबांनी मोठा श्वास सोडला, खिशातलं ते फूल काढलं, उलटसुलट बघितलं आणि माझ्या हातात दिलं.

"घे. तुझंच हाय."

"आबा, तुम्ही हरलात."

"दिसतंय मला." ते उठले, धोतर झटकलं. "चला, रस गरम हुईल."

संध्याकाळी आईने बॅग रिकामी केली, तर कपड्यांच्या घड्यांमध्ये सुकलेल्या कळ्यांच्या पुरचुंड्या निघाल्या. आबांनी खुडलेलं काहीच टाकलं नव्हतं. मी पुण्याला गेलोच, तर कपड्यांना कसर लागू नये म्हणून त्यांनी त्या गुपचूप बॅगेत सारल्या होत्या. आणखी एक साल द्यायचं मनात असूनही. आबांचा स्वभाव असा, की ते दोन्ही बाजूंनी तयारी ठेवतात. दाजींना मी फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तू येत नाहीस तर."

पुढच्या वर्षी चारही गुंठे फुलले. इतके, की ओढ्यापलीकडून लोक बघायला यायचे आणि सोलापूरकर दोन दिवस जास्त राहिले. श्रेय कुणाचं, यावर आमच्याकडे अजून वाद चालतो. मी म्हणतो कोल्ड स्टोअरेज आणि बल्ब, नाना म्हणतात माश्यांचा आशीर्वाद. आबा वाद घालत नाहीत. नुसते आपल्या नखांकडे बघतात.

आता मी सहाला उठतो. ती अट आईची होती, शर्तीत नव्हती. तेव्हा आबा बागेत असतात, हात मागे घट्ट बांधून ओळींमधून फिरत, कारण फूल दिसलं की त्यांची बोटं अजून शिवशिवतात. त्या निळ्या पट्ट्याच्या माश्या आता उन्हं वर येताच येतात. येऊन आधी आबांच्या खिशाशी थांबतात, हवेत टांगल्यासारख्या. खिसा रिकामा आहे याची खात्री करून घेतात, आणि मगच फुलांकडे वळतात.